मुलीनं बँडमध्ये वाजवलं तर?

मैत्रिणींनो, या पानावर येणारी तुमची पत्रं बहुतेक करून ठरावीक विषयांची असतात. लोणच्यावर पांढरं का आलं, सासूबाईंच्या गुडघ्यांना काय लावावं, धाकटा जेवत नाही, थोरला ऐकत नाही. त्यांची उत्तरं देताना मला फारसं अडखळावं लागत नाही. या वेळी मात्र अकोल्याच्या एका भगिनीचं पत्र आलं आणि ते मी चार दिवस टेबलावर ठेवून पुन्हा पुन्हा वाचलं.

तिची मुलगी आठवीत आहे. शाळेनं यंदा बँडपथक काढलं. कोणाला काय वाजवायचं ते विचारलं, तेव्हा बाकीच्या मुली ड्रमकडे आणि बासरीकडे धावल्या आणि या पोरीनं कोपऱ्यात पडलेलं लांबलचक पितळी वाद्य उचललं. ट्रॉम्बोन त्याचं नाव. दोन महिने ती आनंदानं शिकली, सरांनी कौतुक केलं. मग सरावासाठी वाद्य घरी आलं आणि घरात वादळ उठलं. सासूबाई म्हणाल्या, "काहून वो, आता आपली पोट्टी वरातीत पोंगा फुकत फिरन काय?" मुलीचे वडील म्हणाले, शिकायचंच आहे तर पेटी शीक, कथ्थक शीक, हे कशाला? शाळेच्या कागदावर पालकांची सही हवी आहे आणि ती कोणी करत नाही. "मी सही केली तर घरात माझ्याशी कोणी बोलणार नाही आणि नाही केली तर मुलगी बोलणार नाही," असं त्या माउलीनं लिहिलंय.

पुढे तिचे तीन प्रश्न आहेत. हे घरंदाज मुलीचं वाद्य आहे का? फुंकून छातीला, दातांना काही होईल का? आणि हे शिकून पुढे काय? प्रश्न तिघींच्या घरचे नाहीत, तीनशे घरचे आहेत, म्हणून आज सगळं पान याच विषयाला देते.

हे वाद्य आहे तरी काय?

तुम्ही ते पाहिलेलं आहे, फक्त नाव माहीत नसेल. २६ जानेवारीचं संचलन टीव्हीवर बघताना बँडच्या अगदी पुढच्या ओळीत काही जण एक नळी पुढे-मागे सरकवत चालतात ना, तेच ट्रॉम्बोन. त्याची सगळी नळी सरळ केली तर सुमारे नऊ फूट भरेल. ट्रम्पेटला बोटांनी दाबायच्या तीन कळा असतात. याला कळा नाहीत. नळी हातानं सरकवायची, तिच्या सात जागा ठरलेल्या, पण त्या जागांवर कुठेही खूण नाही. कानाला जिथे सूर बरोबर लागला ती जागा.

आपल्या सतारीला पडदे असतात आणि सारंगीला नसतात, तसाच हा फरक आहे. पडदे नसलेलं वाद्य शिकायला अवघड, पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ज्याला आपण मींड म्हणतो, ते त्यावर फार सुरेख येतं. नुसत्या जोरानं ते वाजत नाही. ओठ मिटून त्यांतून हवा सोडायची, ओठ थरथरवायचे आणि त्या थरथरीतून सूर काढायचा. म्हणजे कान, श्वास आणि हात तिन्ही एका वेळी कामाला लागतात. ज्या मुलीनं कोपऱ्यातलं हे वाद्य आपण होऊन उचललं, तिच्या कानाबद्दल मला तरी आदर वाटला.

'पोंगा' या शब्दामागचं मन

आता सासूबाईंच्या बोलण्याकडे येऊ. त्यांना दोष द्यायचा नाही. त्यांनी बँड पाहिला तो लग्नातलाच.

पितळी वाद्यांचा बँड आपल्याकडे इंग्रजांच्या पलटणींबरोबर आला. पलटणींचं पाहून संस्थानिकांनी आपापले बँड ठेवले आणि त्यांचं पाहून लग्नाच्या वरातीत बँड आला. वाजवायचं काम मात्र गावोगाव राहिलं ते पिढ्यान्‌पिढ्या वाजंत्रीचं काम करणाऱ्या समाजांकडे. कुठे मातंग, कुठे मुसलमान, कुठे आणखी कोणी. आपण त्यांना मांडवात बोलावलं, त्यांच्या तालावर नाचलो, आणि पंगत बसायची वेळ आली की त्यांची ताटं मागच्या दारी लावली. म्हणून 'बँडवाला' हा शब्द आपल्या तोंडी कमीपणाचा झाला. वाद्य बिचारं पितळेचं. त्याला जात नाही. जी जात चिकटली ती आपण चिकटवली. घरातल्या कोणाशी वाद घालण्याआधी एवढं आपण आपल्या मनाशी तरी कबूल करू या.

हीच वाद्यं दुसऱ्या एका प्रांतात विद्या म्हणून शिकवली गेली आणि त्या विद्येनं तिथल्या गरीब घरांना चार पिढ्या जगवलं. तो प्रांत म्हणजे आपला शेजारी गोवा.

पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या आवारात शाळा निघाल्या. तिथे मुलांना प्रार्थनेबरोबर संगीत शिकवत. शिकवणाऱ्याला 'मेस्त' म्हणत. तो आधी सूर ओळखायला शिकवी, मग पाच रेघांवर लिहिलेलं संगीत वाचायला, आणि त्यानंतर मुलाच्या हातात व्हायोलिन नाहीतर ट्रम्पेट देई. आपण बाराखडी शिकतो तसं ही मुलं स्वरलिपी शिकली. घरात फार शेतीवाडी नसलेला मुलगाही कागदावरचे सूर फडाफडा वाचू लागला. पुढे यांतले कितीतरी जण पोट भरायला मुंबईला आले. धोबीतलावच्या बाजूला गोव्यातल्या गावागावांच्या 'कूड' होत्या, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या राहायच्या जागा. तिथे एका पेटीवर झोपायचं, दुसऱ्या पेटीत कपडे, आणि वाद्य उशाशी.

मुंबईत त्यांना नवीन संगीत ऐकायला मिळालं. १९३५ साली ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी नावाच्या अमेरिकन निग्रो वादकाचा ताफा आला. त्यांचं संगीत जॅझ. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी गुलामीतून, दुःखातून आणि चर्चच्या गाण्यांतून घडवलेलं हे संगीत. त्यात मूळ चाल ठरलेली असते, पण वादक ती वाजवता वाजवता तिथल्या तिथे नवीन काही सुचवत जातो. आपला गवई बंदिश मांडून राग वाढवतो, तशीच काहीशी ही रीत. गोव्याची मुलं हे ऐकून वेडी झाली आणि शिकली. आल्डोना गावचे अँतोनिओ शाविएर वाझ ट्रम्पेट वाजवत. लोक त्यांना 'चिक चॉकलेट' म्हणत. सॅक्सोफोन वाजवणाऱ्या मिकी कोरिया यांनी १९३९ पासून सुमारे वीस वर्षं ताजमधला बँड चालवला आणि नंतर म्हातारपणापर्यंत मुंबईत मुलांना वाद्य शिकवलं.

भगवानदादांच्या मागे कोण होतं?

तुम्ही म्हणाल, ताजमहाल हॉटेलातल्या गोष्टी आम्हा वऱ्हाडातल्यांना काय करायच्या? पण या मंडळींचं वादन तुमच्या-माझ्या आयांनी रेडिओवर रोज ऐकलेलं आहे. १९५१ साली 'अलबेला' आला. त्यातल्या भगवानदादांच्या नाचामागे जी पितळी वाद्यं वाजतात, त्यांत चिक चॉकलेटचा मोठा हात होता. संगीतकार होते सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर.

या चितळकरांनी लहानपणी काही काळ संगीत शिकलं ते नागपूरला, शंकरराव सप्रे मास्तरांकडे. याच सप्रे मास्तरांकडे आणखी एक मुलगा शिकत होता. तो आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला १९२० साली जन्मलेला. त्याचं नाव वसंतराव देशपांडे. एका मास्तरांच्या हाताखालून एक जण रागदारीचा आणि नाट्यसंगीताचा राजा झाला आणि दुसऱ्यानं हिंदी सिनेमात जॅझ आणलं. वसंतरावांना आपण ओळखतो, चितळकरांना ओळखतो. सप्रे मास्तर किती जणींना आठवतात?

वाजवणाऱ्याचं नाव होतं, शिकवणारा विसरला जातो. शाळेत अर्धवेळ का होईना मी शिकवते, म्हणून ही गोष्ट मला जास्त टोचते.

याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे अँथनी गोन्साल्विस. 'अमर अकबर अँथनी' हा १९७७ चा सिनेमा तुम्ही नक्की पाहिला असेल. त्यात अमिताभ बच्चन मोठ्या अंड्यातून बाहेर येऊन आपलं नाव सांगतात. ते नाव खऱ्या माणसाचं आहे. खरे अँथनी गोन्साल्विस १९२७ साली गोव्यातल्या माजोर्डा गावी जन्मले. वडील चर्चमधल्या गायकवृंदाचे मास्तर. मुलगा व्हायोलिन शिकला आणि सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुंबईला आला. नौशाद यांच्या ताफ्यात वाजवू लागला.

त्या काळी संगीतकार पेटीवर चाल करत. पण पन्नास-साठ वादकांनी एकदम वाजवायचं तर प्रत्येकाच्या पुढ्यात त्याच्या वाद्याचे सूर लिहिलेला कागद हवा. व्हायोलिननं काय वाजवायचं, ट्रम्पेटनं कुठे उठायचं, ट्रॉम्बोननं खालून कसा आधार द्यायचा, हे ठरवून लिहिणारा माणूस म्हणजे अरेंजर. स्वैपाकात मीठ-मसाला जसा एकाच हातानं बेतानं पडायला लागतो, तसं हे काम. ते बरंचसं गोव्याच्या मंडळींनी केलं, कारण लिहिता-वाचता त्यांनाच येत होतं. सिनेमाच्या पाट्यांवर मात्र त्यांची नावं क्वचितच आली. गोन्साल्विस हे असे अरेंजर होते.

ते आपल्या वांद्र्याच्या घरी शिकवतही. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकायला येणाऱ्या मुलांत एक होता प्यारेलाल शर्मा. त्याचे वडील रामप्रसाद शर्मा ट्रम्पेट वाजवत आणि तेही कितीतरी मुलांना स्वरलिपी शिकवत. घरची परिस्थिती बेताची, म्हणून पोरगा लहान वयातच स्टुडिओत वाजवून पैसे आणू लागला. मंगेशकरांच्या 'सुरील कला केंद्रा'त मुलांचा वाद्यवृंद होता, तिथे त्याची मेंडोलिन वाजवणाऱ्या लक्ष्मीकांतशी गाठ पडली. पुढची लक्ष्मीकांत-प्यारेलाल ही जोडी सांगायला नको. राहुलदेव बर्मनही गोन्साल्विसांकडे शिकले.

गोन्साल्विसांना आपले राग फार आवडत. पाश्चात्त्य वाद्यवृंदानं आपले राग वाजवावेत, हा त्यांचा ध्यास. १९५८ साली त्यांनी शंभरावर वादक जमवून 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. त्यात गायला होत्या लता मंगेशकर आणि मन्ना डे. १९६५ साली ते अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठाकडे गेले. परतल्यावर सिनेमाच्या धंद्यात पुन्हा शिरले नाहीत, माजोर्ड्याला शांतपणे राहिले आणि जानेवारी २०१२ मध्ये वारले. 'अमर अकबर अँथनी'च्या वेळी अँथनीला आडनाव हवं होतं, तेव्हा प्यारेलालांनी आपल्या मास्तरांचं आडनाव पुढे केलं. असा शिष्य सगळ्या मास्तरांना मिळत नाही.

मुलीच्या हाती ट्रॉम्बोन

"हे सगळे पुरुष झाले बाई," असं तुम्ही म्हणणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून आता ट्रॉम्बोनचीच आणि बाईचीच गोष्ट सांगते. तिच्यासाठी मात्र अमेरिकेपर्यंत जायला लागेल.

मेल्बा लिस्टन १९२६ साली कॅन्सस सिटी या गावी एका काळ्या कुटुंबात जन्मली. सात वर्षांची असताना तिनं ट्रॉम्बोन पाहिलं आणि हेच हवं म्हणून हट्ट धरला. आईनं घेऊन दिलं. नळी शेवटच्या जागेपर्यंत न्यायला तिचा हात पुरत नसे, तरी ती मान वाकडी करून वाजवायची. आठव्या वर्षी रेडिओवर वाजवलं. पुढे कुटुंब लॉस एंजलिसला गेलं. तिथे ॲल्मा हायटावर नावाच्या बाई गल्लीतल्या मुलांचा बँड चालवत, त्यांनी तिला घडवलं. इथेही एक मास्तरीण आहेच बघा.

सोळाव्या वर्षी ती थिएटरच्या ताफ्यात वाजवू लागली. मोठमोठ्या जॅझ ताफ्यांत पुरुषांच्या रांगेत बसून ट्रॉम्बोन वाजवणारी ती जवळजवळ एकटीच बाई. वाजवणं तर होतंच, शिवाय प्रवासात त्या बाप्यांची बटणं लावून देणं, केस कापून देणं, हेही तिच्याकडेच येई. कुठेही गेलं तरी बाईची ही कामं सुटत नाहीत! एकट्या बाईमाणसाला अशा फिरतीत जे भोगावं लागतं, तेही तिनं भोगलं. १९४९ मध्ये गायिका बिली हॉलिडेबरोबरच्या दौऱ्यात हाल झाले, लोक येईनात, पैसे संपले. त्यानंतर तिनं वाद्य खाली ठेवलं आणि काही वर्षं लॉस एंजलिसच्या शिक्षण खात्यात नोकरी केली.

१९५६ साली डिझी गिलेस्पी या नावाजलेल्या वादकानं तिला परत बोलावलं. ताफ्यातले लोक कुरकुरले, बाई कशाला म्हणून. तिनं लिहून आणलेलं संगीत पुढ्यात आलं तेव्हा ही कुरकुर थांबली. त्या दौऱ्यात हा ताफा कराची आणि ढाक्यापर्यंत येऊन गेला. पुढे तिनं कितीतरी मोठ्या कलावंतांसाठी संगीत लिहिलं. पियानोवादक रँडी वेस्टन यांच्याबरोबरचं तिचं काम तर जन्मभर चाललं. सत्तरच्या दशकात काही वर्षं ती जमैका बेटावर गेली आणि तिथल्या संगीतशाळेत मुलांना शिकवलं. १९८५ साली अर्धांगाचा झटका आला, हात गेला, ट्रॉम्बोन सुटलं. तेव्हा ती संगणकावर संगीत लिहू लागली. १९८७ मध्ये तिला अमेरिकेतला जॅझचा मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला. १९९९ साली ती गेली.

मला या गोष्टीतला सगळ्यांत मोलाचा क्षण कोणता वाटतो सांगू? सन्मानाचा नाही. सात वर्षांच्या पोरीचा हात पुरत नसताना आईनं ते वाद्य विकत घेतलं, तो.

आणि आपल्याकडेही वारं बदलतंय. २०२४ च्या २६ जानेवारीला दिल्लीच्या संचलनाची सुरुवात शंभरावर बायकांनी शंख, नादस्वरम्, नगारा वाजवून केली. गणपतीत ढोल-ताशा पथकांत कमरेला ढोल बांधून वाजवणाऱ्या मुली तुम्ही आपल्याच गावात पाहता. त्यांचं आपण कौतुक करतो. मग पितळेचं वाद्य तेवढं मुलीचं नाही, हे कोणी ठरवलं?

दात, छाती आणि शेजारी

आता दुसरा प्रश्न. निरोगी मुलीला ट्रॉम्बोन वाजवून अपाय होत नाही. फक्त काही गोष्टी सांभाळा.

पुढचे कायमचे दात आलेले असले म्हणजे पितळी वाद्य सुरू करायला हरकत नसते. आठवीतल्या मुलीचे ते आलेलेच असतात. दातांना तार बसवलेली असेल किंवा बसवायची असेल तर दाताच्या डॉक्टरांना आधी सांगा. ओठ सोलवटले तर दोन दिवस विश्रांती. दमा असेल तर तुमच्या डॉक्टरांचं मत घ्या.

सुरुवातीला एकदम तासभर वाजवू नये. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं, एवढं रोज झालं की पुरे. भरल्या पोटी वाजवू नये आणि अगदी उपाशीपोटीही नको, चक्कर येते. पाठ ताठ ठेवून, खांदे न उचलता पोटातून श्वास घ्यायचा. हीच सवय पुढे भाषण करताना उपयोगी पडते.

शेजाऱ्यांचंही बघायला हवं. दुपारी एक ते चार वाद्य बंद, म्हणजे शेजारच्या आजींची झोप मोडत नाही. वाद्याच्या तोंडात बसवायचा 'म्यूट' मिळतो, त्यानं आवाज निम्मा होतो. परीक्षेच्या दिवसांत शेजारी कोणाचं दहावी-बारावीचं मूल असेल तर आपण होऊन जाऊन वेळ विचारून या. त्यानं संबंध चांगले राहतात.

वाद्य लगेच विकत घेऊ नका. वर्षभर शाळेचं वापरा. तोंडाला लावायचा भाग दर आठवड्याला कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवा आणि तो दुसऱ्या मुलांबरोबर वाटून घेऊ नका, प्रत्येकाचा वेगळा हवा. वाजवून झालं की आतलं पाणी काढून टाकायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, पितळ दिसलं म्हणून आपल्या सवयीनं चिंच-मीठ किंवा भांड्याची पावडर लावून घासायला बसू नका! वरचा मुलामा निघतो, सरकत्या नळीवर चरे पडतात आणि नळी अडकायला लागते. मऊ सुती फडक्यानं पुसायचं, नळीला तिचं खास तेल लावायचं, बस्स. फिरत्या फेरीवाल्याकडून कल्हई करून घेण्याचा तर विचारही नको.

शिकून पुढे काय?

हा प्रश्न वडिलांचा आहे आणि तो रास्त आहे. त्याला गोड उत्तर देण्यात अर्थ नाही.

सिनेमातल्या वादकांचा तो सुगीचा काळ गेला. १९८० नंतर सिंथेसायझर आला. एका यंत्रातून दहा वाद्यांचे आवाज निघू लागले आणि पन्नास-साठ माणसांचे ताफे आटत गेले. म्हणून केवळ वादनावर संसार चालेल, असं मी सांगणार नाही.

पण रस्ते अगदीच बंद नाहीत. आपल्या सातपुड्यात पचमढीला भारतीय लष्कराचं संगीत शिकवणारं केंद्र आहे. सैन्यदलांच्या बँडना तिथे शिक्षण मिळतं आणि दर वर्षी २९ जानेवारीला दिल्लीत 'बीटिंग रिट्रीट'ला जे वादन होतं, त्यामागे हीच तालीम असते. महाराष्ट्र पोलीस भरतीतही अधूनमधून बँड्समनच्या जागा निघतात. जाहिरात आणि अटी नीट वाचून ठेवा. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवलं जातं. आपल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा असतात, तशा लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पहिल्या ते आठव्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा भारतात देता येतात. त्यांत पितळी वाद्यंही आहेत. आणि शाळाशाळांतून बँडपथकं निघत आहेत, त्यांना शिकवणारी माणसं लागतातच. उद्या आपल्याच गावच्या शाळेत एखादी बाई ट्रॉम्बोन शिकवताना दिसली तर मला तरी आनंद होईल.

यांतलं काहीच झालं नाही तरी जे उरतं तेही थोडं नाही. बँडमध्ये वाजवणाऱ्या मुलाला स्वतःचा सूर सांभाळून शेजारच्याचा ऐकायला लागतो, आपली वेळ येईपर्यंत गप्प बसायला लागतं आणि वेळ आली की न घाबरता उठायला लागतं. संसारात याहून वेगळं काय लागतं हो?

तेव्हा अकोल्याच्या भगिनी, माझा सल्ला असा. सही करा, पण एकटीनं आणि गुपचूप करू नका. एका रविवारी संगीताच्या सरांना घरी चहाला बोलवा. मुलीच्या वडिलांना त्यांच्याशी बोलू द्या. अभ्यास मागे पडला तर काय, फिरतीला कोण बरोबर असेल, उशीर झाला तर घरी कोण सोडेल, हे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. सरांकडून एक आरती बसवून घ्या, सासूबाईंच्या आवडीची. नातीनं वाजवलेली आरती ऐकून कुठल्या आजीचं मन पाघळणार नाही? वर्षभर बघू, असं म्हणा. वर्षाचा वायदा घरातल्या सगळ्यांना झेपतो, जन्माचा निर्णय झेपत नाही.

बाकीच्या मैत्रिणींना एकच सांगायचंय. पुढच्या लग्नसराईत तुमच्या दारी बँड येईल. त्यातल्या म्हाताऱ्या वादकाला विचारा, तुम्हाला हे कोणी शिकवलं? तो एखाद्या मास्तरांचं नाव सांगेल, ते लक्षात ठेवा. आणि त्या मंडळींची पानं पहिल्या पंगतीत, आपल्या माणसांच्या शेजारी लावा. शिरा गरम असतानाच.